खाली कोणी नसतं

इरावती सप्रे आणि मी बनारसच्या सिगरा भागातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत बरोबरच लागलो. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आमचे केस पांढरे व्हायला लागले. दोघीही काशीतल्या मराठी घरांमधल्या. तिचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, माझं अहिल्याबाई घाटाजवळ. ऑफिसात सगळ्यांशी हिंदी, आपसात मराठी. रागावली की इरावती दोन्ही भाषा सोडून गप्प बसायची, आणि ऑफिसात त्या गप्प बसण्याचीच जास्त धास्ती होती.

तिचं काम वाचण्याचं. एखादं सॉफ्टवेअर बांधायला घेण्याआधी ते काय करील, कधी करील, काय करणार नाही, हे सगळं लिहून काढतात. त्याला आम्ही रिक्वायरमेंटचा दस्तऐवज म्हणतो. त्यात चूक राहिली तर पुढे हुशारातले हुशार प्रोग्रामर ती चूक इमानेइतबारे बांधून देतात. म्हणून तो आधी तपासायचा, त्याचा रिव्ह्यू करायचा. पण सगळंच सारख्या बारकाईने तपासायला वेळ कोणाकडे असतो? कुठल्या भागाला वरवरची नजर पुरेल आणि कुठल्या भागासाठी माणसं दार लावून बसवायची, हे कोणीतरी ठरवावं लागतं. आमच्याकडे ते इरावती ठरवायची.

पान हातात घ्यायची आणि विचारायची, "हे वाक्य चुकलं तर कोणाचं काय जाईल?" नुसता वेळ जाणार असेल तर मेलवर पाठवून चार जणांचं मत मागवायचं. काम अडणार असेल तर वॉकथ्रू. म्हणजे लिहिणाऱ्याने सगळ्यांना समोर बसवून पान उलटत समजावून सांगायचं आणि ऐकणाऱ्यांनी मध्येच टोकायचं. आणि जिवाशी गाठ असेल तर इन्स्पेक्शन. त्यात सगळे आधी वाचून येतात. लिहिणाऱ्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दुसराच कोणी एकेक वाक्य घेतो आणि स्वतःच्या शब्दांत सांगतो, कारण वाक्याचे दोन अर्थ होत असतील तर ते तेव्हाच उघडे पडतात. एक जण बैठक चालवतो, एक नोंदी घेतो. नोंदी बहुतेक वेळा मी घ्यायचे.

रामनगरच्या बाजूच्या एका पंपघराचं काम आमच्याकडे आलं, तेव्हाची ही गोष्ट आहे. त्या भागाचं मैलापाणी तिथे एका खोल खड्ड्यात जमतं आणि पंप ते पुढे शुद्धीकरणाला ढकलतात. पंपांच्या आधी लोखंडी गजांची जाळी आहे. चिंध्या, प्लास्टिक, झेंडूच्या माळा, देवांच्या जुन्या चुनऱ्या, सगळं त्या जाळीला येऊन चिकटतं. ते वर ओढायला साखळीवर फिरणारं एक मोठं लोखंडी दाताळं बसवलेलं आहे. हे सगळं आजवर माणूस बटण दाबून चालवायचा. आता ते आपोआप चालावं, असं अधिकाऱ्यांना हवं होतं.

त्याला कारणही होतं. आदल्या वर्षी वीज गेली, परत आली, पण बटण दाबणाऱ्याला झोप लागली होती. मैला उलटा चढून एका गल्लीतल्या घरांत शिरला. चूल, अंथरूण, देव, काही सुटलं नाही. पेपरात फोटो आले. त्यामुळे आमच्या निमिषने दस्तऐवजात अगदी मनापासून लिहिलं होतं : "वीजपुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर सर्व यंत्रं आपोआप पूर्ववत सुरू व्हावीत." निमिष रेल्वेतल्या माणसाचा मुलगा, तिशीतला, कष्टाळू. त्या गल्लीत जाऊन तो घरं पाहून आला होता.

इरावतीने नेहमीसारखी वाटणी केली. पंप आणि धोक्याच्या घंटा इन्स्पेक्शनला, पडद्यावर काय दिसेल ते वॉकथ्रूला, अहवालांचे नमुने मेलवर. शेवटी 'सर्वसाधारण' नावाचं एक प्रकरण होतं. लॉगिन कसं, घड्याळ कुठलं, भाषा कुठली, वीज गेली-आली तर काय. हे प्रकरण प्रत्येक कामात जुन्यातून उचललेलं असायचं. आमचा मॅनेजर देवव्रत म्हणाला, "इरावतीताई, ते मी मेलवर टाकून मोकळा झालोय. त्यात काय बघायचंय? तारीख डोक्यावर आहे, प्रोग्राम बांधायलाही घेतलाय."

"मला एकदा बघू दे की."

"गेला मेल. मुदतीत कोणाचं उत्तर आलं नाही तर मान्य धरायचं, असंच लिहिलंय."

मुदत संपली. चौघांपैकी एकानेही स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता. दोघांनी 'ओके' लिहिलं होतं, दोघांनी तेवढंही नाही. देवव्रत खूश होता. इरावती मात्र ती पानं छापून घेऊन बसली.

"इतकं निर्दोष कोणी लिहीत नाही," ती मला म्हणाली. "याचा अर्थ कोणी वाचलंच नाही."

ती वाचत गेली. निमिषच्या त्या वाक्यावरून पुढे गेली, थांबली, मागे आली. मग त्यावर बोट ठेवून बसून राहिली. पंख्याने पानं उडायला लागली तरी बोट हललं नाही.

"लतिका, 'सर्व यंत्रं' म्हणजे कोणकोणती?"

"पंप, दिवे, पंखे. घंटा. आणि ते दाताळं."

तिने चेकलिस्ट काढली. वाक्य स्पष्ट आहे का? आहे. तपासता येईल का? येईल. दुसऱ्या कुठल्या वाक्याच्या विरुद्ध जातं का? नाही. सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण झाली. "चेकलिस्टला हे सापडणार नाही," ती म्हणाली. काय सापडायचं होतं, ते तिला स्वतःलाही तेव्हा सांगता आलं नसतं. पण तिचा चेहरा पाहून मला बरं वाटेना.

दुपारी तिने आम्हाला बसवलं. "प्रत्येकाने एकेक माणूस व्हायचं आणि त्याच्या जागेवरून हे प्रकरण वाचायचं," ती म्हणाली. यालाही आमच्या धंद्यात नाव आहे, पण नावाने काही अडत नाही. मी बटण दाबणारा ऑपरेटर झाले. निमिष वीजवाला, देवव्रत अधिकारी. दस्तऐवजात वापरणाऱ्यांची यादी असते, त्यातलीच ही माणसं. यादी संपली आणि इरावतीला कोणी उरलं नाही.

"जाळीपाशी जाणारा माणूस यात कुठे आहे?" तिने विचारलं.

निमिष हसला. "ताई, दाताळं आहे ना. तिथे कोणी जातच नाही."

"तू गेलायस?"

"गेलोय एकदा. साहेबांच्या गाडीतून. वरून पाहिलं."

दुसऱ्या दिवशी इरावती आणि मी रामनगरला गेलो. ऑटो पुलावर आला तेव्हा खाली गंगा मातकट आणि फुगलेली होती. वरच्या अंगाला पाऊस चालू होता म्हणे. होड्या बंद झाल्या होत्या. पंपघर वस्तीच्या कडेला होतं, आणि ते दिसण्याआधीच नाकाने कळलं. ऑपरेटर विश्वेश्वर पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ. त्याने आम्हाला खुर्च्या पुसून दिल्या. खोलीत आमच्या कंपनीची नवी लोखंडी पेटी बसवून झालेली होती. तिच्यावरचं प्लास्टिक अर्धं सोललेलं होतं.

"सोमवार से ट्रायल है," विश्वेश्वर म्हणाला. "फिर हमको बटन नहीं दबाना."

आम्ही खड्ड्याच्या काठावर गेलो. खाली काळं पाणी जाळीतून घुसत होतं आणि दाताळं कुरकुरत वर चढत होतं. त्याच्या दातांना पिवळ्या माळा लोंबत होत्या. अर्धवट वर आलं की चिंध्यांचा गुंता त्याला मागे खेचायचा आणि साखळी थरथरायची.

तेवढ्यात वीज गेली. पंपांचा आवाज बंद पडला आणि इतका वेळ तो किती मोठा होता, हे तेव्हा कळलं. नुसता पाण्याचा सळसळाट राहिला. निंबाखाली एक माणूस बसला होता. तो शांतपणे उठला, गमछा कमरेला आवळला, आणि भिंतीतल्या लोखंडी पायऱ्या धरून खाली उतरायला लागला.

इरावती दचकली. "ये कहाँ जा रहे हैं?"

"मंगरू है, दीदी. जाली साफ करेगा," विश्वेश्वर म्हणाला. "बत्ती गई है, अभी तो उतरेगा. चालू मशीन में कौन उतरता है?"

मंगरू खांद्यापर्यंतचा हात जाळी आणि दाताळं यांच्यामधल्या फटीत घालून चिंध्या उपसत होता. एकेक गुंता ओढून तो मागे फेकायचा. तोंडाला काही बांधलेलं नव्हतं. आम्ही वर उभ्या राहून पाहत होतो. इरावतीने काठाचा गज घट्ट धरला होता.

खोलीतला पंखा हलला. वीज आली होती. विश्वेश्वर बटणाकडे गेला नाही. तो काठावर आला आणि वाकून ओरडला, "मंगरू! बाहर?"

खालून काही उत्तर नाही. तो तसाच वाकून उभा राहिला. पुन्हा ओरडला. मग पायऱ्यांवर हात दिसला, डोकं दिसलं, आणि मंगरू काठावर येऊन म्हणाला, "बाहर." तेव्हा कुठे विश्वेश्वर आत गेला आणि हिरवं बटण दाबलं. दाताळं झटका देऊन फिरायला लागलं.

"ये आवाज देना किसने सिखाया?" इरावतीने त्याला विचारलं.

"सिखाएगा कौन, दीदी? नीचे आदमी है."

परत येताना पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "वीज जाते म्हणूनच तो उतरतो, लतिका. आणि वीज आली की आपलं यंत्र कोणाला न विचारता सुरू होणार आहे."

*

तिने 'सर्वसाधारण' प्रकरण मेलवरून उचलून इन्स्पेक्शनला घेतलं. देवव्रतने कटकट केली, पण अधिकाऱ्यांना बोलावलं. बैठक हिंदीत झाली, मी मराठीत सांगते. बैठक देवव्रत चालवत होता, नोंदी माझ्याकडे, वाचणारी इरावती.

ती त्या वाक्याशी आली. ते तिने जसंच्या तसं वाचलं आणि मग स्वतःच्या शब्दांत सांगितलं, "वीज परत येते. खाली जाळीपाशी माणसाचा हात दातांमध्ये असला तरी दाताळं फिरायला लागतं."

निमिषने मान वर केली.

पंपघराचे मुख्य अधिकारी, साहेब, मात्र शांत होते. "खाली कोणी नसतं," ते म्हणाले.

"मी पाहिलं आहे, सर. परवाच."

"मॅडम, खड्ड्यात माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे. तुम्ही हे लिहून मागताय, म्हणजे आम्ही कायदा मोडतो असं आमच्याच कागदावर आमच्याच सहीने लिहून घेताय." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे नोंदीत जाणार नाही."

बाहेर कोणीतरी चहाचे पेले विसळत होतं. देवव्रत घसा साफ करून म्हणाला, "लतिकाताई, 'मुद्दा चर्चाधीन' एवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं. इरावतीने पुढचं वाक्य वाचायला घेतलं. तिचा आवाज अगदी सरळ होता.

साहेब गेल्यावर निमिष तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "ताई, मी त्या गल्लीतल्या लोकांचा विचार केला होता. खाली कोणी असेल, हे डोक्यातच आलं नाही."

"त्या लोकांचा विचार बरोबरच होता," ती म्हणाली. "बस. दोघं मिळून लिहू."

ते दोघं संध्याकाळपर्यंत लिहीत होते. जाळीच्या काठावर एक चावी असेल. ती जागेवर असली तर वीज आल्यावर सगळं आपोआप सुरू होईल. गल्ली वाचेल. ती काढून घेतली की पंप आणि दाताळं सुरू होणार नाहीत, कितीही वेळा वीज आली तरी. उतरणाऱ्याने चावी खिशात घालून उतरायचं. एवढंच. निमिषने 'उतरणाऱ्याने' लिहिलं आणि इरावतीने तो शब्द खोडला.

"का?"

"माणूस दिसला की ते सही करणार नाहीत. 'यंत्राच्या देखभालीसाठी' असं लिही."

साहेबांची सही दुसऱ्याच दिवशी आली. इरावतीने ते पान बराच वेळ पाहिलं. "बघ," ती मला म्हणाली, "माणूस काढला तेव्हा कागद पास झाला."

पण चावी काही कागदावरून उडी मारून जाळीपाशी जाणार नव्हती. कुलूप मागवायचं होतं, प्रोग्राम बदलायचा होता. तोवर ट्रायल थांबवा, असं तिने परोपरीने सांगितलं. देवव्रत म्हणाला, तो निर्णय साहेबांचा. साहेब म्हणाले, तारीख जाहीर झाली आहे आणि खाली कोणी नसतं. सोमवारी जुन्याच वाक्यावर पेटी चालू झाली.

इरावतीने विश्वेश्वरला फोन केला. मंगरू उतरण्याआधी मेन स्विच खाली ओढायचा, आणि तो वर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. विश्वेश्वरने तिला दोनदा सांगायला लावलं आणि म्हणाला, "समझ गए, दीदी. हम हैं न."

त्या आठवड्यात मी एकदा तिच्या घरी गेले होते. तिचे वडील वेणीमाधवनाना शाळेतून निवृत्त झालेले. खिडकीत बसून ते पाण्याकडे पाहत होते. घाटावरच्या खालच्या मढ्या, त्या लहान देवळ्या, बुडाल्या होत्या आणि पाणी आवाज न करता एकेक पायरी घेत होतं.

"ही परेशान आहे," नाना मला म्हणाले. "जेवत नाही धड. अग इरा, तुझं काम वाचायचं. वाचलंस, सांगितलंस. पुढचं त्यांचं."

"नाना, पेटी चालू आहे."

"मग?"

"मग काही नाही. विश्वेश्वर आहे तिथे." असं म्हणून ती उठून आत गेली. फोन मात्र तिने हातातच धरला होता.

*

बुधवारी विश्वेश्वरच्या गावाकडे कोणी वारलं आणि तो सकाळीच निघून गेला. त्याच्या जागी ठेकेदाराने दुसऱ्या पंपघरावरचा माणूस पाठवला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं ते फक्त विश्वेश्वरच्या डोक्यात होतं. दुपारी वीज गेली. उकाडा झाला म्हणून तो माणूस खोलीबाहेर वाऱ्याला जाऊन बसला. मंगरू नेहमीसारखा उठला, गमछा आवळला आणि खाली गेला.

वीज लवकर आली. हाक मारायला कोणी नव्हतं, आणि बटण दाबायचीही कोणाला गरज नव्हती. पेटीने सांगितलेलं काम केलं.

नवा माणूस ओरडणं ऐकून आत धावला, पण पेटीवर थांबवायचं कुठून हे त्याला माहीत नव्हतं. त्याने सगळी बटणं दाबली. शेवटी साखळीच अडकून थांबली.

आम्हाला संध्याकाळी कळलं. खबर ऐकून विश्वेश्वर गावाहून परत निघाला होता, अर्ध्या वाटेवरून त्यानेच फोन केला. इरावतीने ऐकलं. पलीकडून फोन बंद झाला तरी तिने तो कानावरून काढला नाही. निमिष समोरच होता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मंगरू वाचला. उजवा हात खांद्याखाली काढावा लागला. आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो तेव्हा त्याची बायको वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती. अन्नपूर्णा तिचं नाव. तिने आमच्या गळ्यातली ओळखपत्रं पाहिली.

"आप लोग मशीन वाले हैं?" तिने विचारलं.

देवव्रतने ऑफिसातून निघताना बजावलं होतं की, कोणाशी काही बोलू नका. निमिष खाली पाहत होता. मी काहीतरी गुळमुळीत बोलणार होते.

"हाँ," इरावती म्हणाली, आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

अन्नपूर्णा शिव्या देईल असं मला वाटलं. तिने दिल्या नाहीत. नुसती सरकून थोडी जागा केली. त्या दोघी तशाच बसून राहिल्या. आतून कोणी हाक मारली की दोघींची मान एकदमच वर व्हायची.

चौकशी बसली. पहिल्याच कागदावर लिहिलं होतं की, मजूर परवानगीशिवाय निषिद्ध जागेत शिरला. दस्तऐवजाबद्दल विचारायला इरावतीला बोलावलं. निमिष आणि मी सोबत गेलो. देवव्रत तिला गाडीत समजावत होता. "ताई, कागदावर आहे तेवढंच सांगा. पुढच्या टप्प्याचं काम अडकलंय. इतक्या जणांच्या नोकऱ्या आहेत." तो घाबरला होता आणि त्याची भीती खोटी नव्हती. त्या जणांमध्ये मीही होते.

समितीपुढे साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. इरावतीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. "उतरतात," ती म्हणाली. "वीज गेली की उतरतात. मी काठावर उभी राहून पाहिलंय आणि या साहेबांना भर बैठकीत सांगितलंय. आमचं प्रकरण कोणी वाचलं नव्हतं, ते न वाचताच मान्य धरलं, ही आमची चूक. पण खाली माणूस असतो, हे सगळ्यांना माहीत होतं."

"आणखी कोणी पाहिलंय?" अध्यक्षांनी विचारलं.

मी हात वर केला. माझ्यामागून निमिष बोलला, "बैठकीत मी होतो, सर. ताईंनी सांगितलं होतं."

परवानगीशिवाय शिरल्याचा शेरा खोडला गेला. मंगरूला पंपघराच्या फाटकावर राखणदार म्हणून ठेवायचं ठरलं. साहेबांची बदली झाली, ती वरच्या जागेवर झाली असं नंतर कळलं. आमच्या कंपनीला पुढचा टप्पा मिळाला नाही. काही जणांना जावं लागलं. त्यांच्यापैकी दोघं इरावती दिसली की रस्त्याची बाजू बदलतात. तिला रिव्ह्यूवरून काढून बिलांच्या टेबलावर बसवलं. निमिष आता तिचं काम करतो. प्रकरण कसं तपासायचं, कोणाला बसवायचं, हे विचारायला तो रोज तिच्या टेबलाशी येतो, आणि देवव्रत ते पाहून न पाहिल्यासारखं करतो.

*

थंडी सुरू झाल्यावर इरावती मला म्हणाली, "चावी बसली असेल. बघून येऊ." पंपघराशी आमचा आता काही संबंध नव्हता. तरी गेलो.

फाटकावर मंगरू होता. सदऱ्याची उजवी बाही आत दुमडून शिवलेली. त्याने डाव्या हाताने नमस्कार केला आणि आम्हाला आत सोडलं. विश्वेश्वर सुट्टीवर गेला होता. खोलीत तिसराच कोणी ऑपरेटर फोनवर काही पाहत होता.

काठावर पिवळी पेटी होती. त्यात चावी होती. आणि चावी जागेवरून हलू नये म्हणून तिला तांब्याच्या तारेने गच्च आवळून बांधलेलं होतं.

"ये किसने किया?" इरावतीने विचारलं.

ऑपरेटरने खांदे उडवले. पहिल्या महिन्यात कोणीतरी चावी काढून खिशात ठेवली आणि घरी घेऊन गेला. पंप बंद राहिले, नव्या साहेबांचे फोन आले. तेव्हापासून बांधली.

"और नीचे कौन उतरता है अब?"

ऑपरेटर पुन्हा फोनकडे पाहायला लागला. "नीचे कोई नहीं उतरता," तो म्हणाला.

मी खाली पाहिलं. जाळी स्वच्छ होती. कोणीतरी नुकतीच केली होती, काठावर ओल्या चिंध्यांचा ढीग पडला होता. दाताळं एकसारखं वर येत होतं, रिकामं.

इरावती गुडघ्यावर बसली आणि तार सोडवायला लागली. तारेला गंज चढला होता. बोटाला लागलं, तिने ते तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने पीळ उलगडत राहिली. ऑपरेटर उठून "मॅडम, मॅडम" करत आला. तार सुटली. तिने चावी तशीच राहू दिली, तार मुठीत घेतली आणि फाटकापाशी आली.

"मंगरूजी, कोई उतरे तो पहले चाबी निकलवाइए. बिना चाबी लिए किसी को उतरने मत दीजिए."

"हम देख लेंगे, दीदी," तो म्हणाला. "पर हम तो दिन में हैं. रात वाला दूसरा है, वो शाम को आता है."

ऊन अजून उतरायचं होतं. इरावतीने ऑटोवाल्याला हात करून पाठवून दिलं. फाटकाशी एक सिमेंटचा बाक होता. तिने त्यावरची धूळ पदराने झटकली, बसली, आणि माझ्यासाठी शेजारी जागा ठेवली.